सव्वा महिन्यानंतर: बाळंतपणानंतरचे संबंध आणि आपली नर्सबाई

मेहकरहून लोणारकडे जाताना लागणाऱ्या सुलतानपुरात घरी ओली बाळंतीण असली की विचारपूस करायला अख्खी आळी येते. दूध पुरतं का, बाळ रात्री झोपतं का, अळीव दिले का, डिंकाचे लाडू केले का, सगळं विचारून होतं. बाळंतीण पुन्हा नवऱ्याजवळ जाईल तेव्हा तिला दुखेल का, तिच्या मनाला ते हवंसं वाटेल का, हे मात्र आई विचारत नाही, सासू विचारत नाही आणि बऱ्याचदा डॉक्टरही विचारत नाहीत. त्याबद्दल आपण इथे टप्प्याटप्प्यानं समजून घेऊ. आपण स्वतः बाळंतीण असाल, तिचे पती असाल किंवा घरातल्या मोठ्या बाई असाल, तिघांच्याही उपयोगाचं यात आहे.

सुरुवात बाळंतपणाच्या दिवसापासून करू. बाळ बाहेर आलं की मागून वार पडते. वार जिथे गर्भाशयाला, म्हणजे आपण ज्याला पिशवी म्हणतो तिला, चिकटलेली होती तिथे साधारण तळहाताएवढी जखम राहते. ही जखम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती विसरली जाते. सिझेरियन झालेल्या बाईच्या पिशवीतही ती असतेच. ती भरेपर्यंत अंगावरून जात राहतं. ते आधी लाल असतं, मग तपकिरी-गुलाबी होतं आणि शेवटी पिवळसर-पांढरं. याला चार ते सहा आठवडे लागतात. रंग एकदा फिका होऊन पुन्हा लालभडक झाला, तर बहुतेक वेळा बाई लवकर कामाला लागलेली असते. अशा वेळी विश्रांती घ्यावी आणि नर्सला कळवावं. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, घाण वास येत असेल किंवा ताप भरला असेल तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

आता टाक्यांकडे वळू. बाळाचं डोकं येताना खालची जागा थोडी फाटते किंवा डॉक्टर, नर्स तिथे छेद देतात. या छेदाला एपिसिओटॉमी म्हणतात. फाटण्याचे चार दर्जे असतात. पहिल्यात फक्त कातडी जाते, दुसऱ्यात खालचे स्नायूही. तिसऱ्या दर्जात जखम शौचाच्या जागेच्या स्नायूपर्यंत पोचते आणि चौथ्यात त्याच्याही आत जाते. दवाखान्यातून निघण्याआधी नर्सला एवढं नक्की विचारा: "सिस्टर, टाके कुठे आहेत आणि किती खोल आहेत?" ते कार्डावर लिहून घ्या. पुढे दुखलं तर तपासणाऱ्याला त्या एका ओळीचा फार उपयोग होतो, आणि बहुतेकींच्या कार्डावर नेमकी तीच नसते.

टाके विरघळणारे असतात. वरची जखम दोन-तीन आठवड्यांत मिळून येते, पण आतली उती मऊ व्हायला त्याहून बराच वेळ लागतो. रोज कोमट पाण्यानं धुवा, स्वच्छ कापडानं टिपून कोरडं करा आणि पॅड वेळेवर बदला. बाजेखाली शेगडी ठेवून खालून शेक किंवा धुरी देण्याची रीत अनेक घरांत आहे. त्यामागे माया आहे हे खरं. पण टाक्यांच्या जागी कातडी बधिर असते, भाजलं तरी लवकर कळत नाही. शेक पाठीला, कंबरेला द्यावा, टाक्यांना देऊ नये. जागा लवकर आवळावी म्हणून आत कापडाच्या पुरचुंड्या, औषधी किंवा मीठ ठेवणं तर पूर्ण टाळा, त्यातून जंतूंचा संसर्ग होतो.

"नवऱ्यासाठी एक टाका जास्त घाला," असं लेबर रूमच्या दाराशी कोणी म्हणत असेल तर त्याला थांबवा. जास्तीच्या टाक्यानं सुख वाढत नाही. जागा अरुंद होते आणि पुढे महिनोन्‌महिने बाईला दुखत राहतं. फाटलेलं नीट जुळवावं, त्यापलीकडे काही करू नये.

साध्या बाळंतपणानंतर सरकारी दवाखान्यात ४८ तास ठेवतात. याच काळात नर्स तांबी, म्हणजे कॉपर टी, बसवायची का हे विचारते. तो प्रश्न योग्यच आहे. अडचण एवढीच की पुष्कळदा संबंधांविषयीचं सगळं बोलणं तिथेच संपतं. पाळणा लांबवायचं सांगितलं जातं, पण दुखेल का, कोरडेपणा येईल का, इच्छा मरेल का, याबद्दल अवाक्षर निघत नाही.

घरी आल्यावर आशाताई येतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत. घरीच बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवसाची आणखी एक. या भेटींचं मूळ आपल्या विदर्भातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, बाळमृत्यू कमी करून दाखवले, आणि ती पद्धत पुढे देशभर आशांच्या कामात आली. साहजिकच आशाताईंच्या तपासणीत बाळाचं वजन, ताप आणि श्वास यांना पहिली जागा आहे. आईची चौकशी होते, पण तिच्या अंगाच्या या कोपऱ्यापर्यंत ती क्वचितच पोचते.

राणीताईंचंच दुसरं काम इथे आठवायला हवं. त्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. आणि त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. दुखणं होतं, विचारणारं कोणी नव्हतं. मराठीत तर र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून या विषयावर उघड लिहायला सुरुवात केली होती. तरी आजही आपण हे बोलताना आवाज खाली आणतो.

सगळ्यात मोठी चूक कुठे होते ते आता पाहू. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. समजा सुलतानपूरची सून आहे आणि बाळंतपणाला चिखलीकडच्या माहेरी गेली आहे. तिथल्या आशाताईंनी भेटी दिल्या, तिथल्या नर्सनं टाके पाहिले. मग सव्वा महिना झाला, दोन-तीन महिने झाले, आणि ती सासरी आली. संबंध सुरू होतात ते सासरी. दुखायला लागतं तेही इथे. पण इथल्या नर्सकडे तिची नोंद नाही आणि ज्या नर्सशी तिची ओळख झाली ती तिकडे राहिली. बेचाळिसाव्या दिवसाची भेट तर अनेकदा या येण्याजाण्यातच बुडते.

यावर उपाय सोपा आहे. माहेरून निघताना बाळंतपणाचं कार्ड आणि माता-बाल संरक्षण पुस्तिका सोबत घ्या. सासरी पोचल्यावर आठवडाभरात गावच्या आशाताईंना कळवा आणि उपकेंद्रावरच्या नर्सबाईंची एकदा गाठ घ्या. बाळ तीन महिन्यांचं झालं की आशाताईंच्या पुढच्या भेटी सुरू होतात. त्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात असतात. त्या बाळासाठी आहेत, पण आशाताई दारात आल्याच आहेत, तर आपलंही सांगून घ्यावं.

सहाव्या आठवड्याची तपासणी चुकवू नका. बाळाची लस त्याच सुमारास असते. बाळाला घेऊन सगळे जातात आणि आई नुसती बाकावर बसून परत येते. त्या दिवशी नर्सला आपलेही टाके पाहायला सांगा. पिशवी जागेवर आली का, रक्तदाब किती, हिमोग्लोबिन किती, लघवी अडते किंवा गळते का, हे पाहून घ्या. लसीकरणाच्या गर्दीत हे बोलणं होत नसेल तर "सिस्टर, मला पाच मिनिटं आतल्या खोलीत बोलायचं आहे" एवढं म्हणायला संकोच करू नका. सासूबाई सोबत असतील तर नर्सनंच त्यांना बाळाला घेऊन बाहेर बसायला सांगावं. चांगल्या नर्स हे आपण होऊन करतात.

सव्वा महिना झाला की 'आता चालतं' असा एक हिशेब घरात असतो. मुसलमान घरांत चाळीस दिवस पाळतात. डॉक्टर सहा आठवडे सांगतात. तिन्ही मुदती जवळपास एकच आहेत आणि जखम भरायला साधारण तेवढा काळ लागतोच, म्हणून ही रीत शहाणपणाची आहे. पण मुदत संपली म्हणजे बाईनं तयार असलंच पाहिजे, असा अर्थ तिच्यातून काढू नये. अंगावरून जाणं थांबलं आहे, टाके दुखत नाहीत आणि तिला स्वतःला हवं आहे, या तिन्ही गोष्टी जुळतील तेव्हाच. कोणाला सात आठवडे लागतील, कोणाला सहा महिने.

इच्छा का कमी होते, हे पतींनी आवर्जून वाचावं. वार पडली की इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक, म्हणजे बाईच्या शरीरातला स्त्रीत्वाचा रस, एकदम खाली येतं. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन वर जातं आणि बाळ अंगावर पीत असेपर्यंत ते इस्ट्रोजेनला वर येऊ देत नाही. त्यामुळे योनीमार्ग, म्हणजे बाळ ज्या वाटेनं आलं ती वाट, कोरडा आणि नाजूक होतो. इच्छाही मंदावते. प्रेम कमी झालं म्हणून हे होत नाही. त्यात रात्रीची चार-चार जागरणं असतात, अंगात रक्त कमी असतं, एकाच खोलीत सगळं घर झोपलेलं असतं आणि सोयाबीन सोंगायला माणूस मिळत नाही म्हणून तीही वावरात गेलेली असते. इतक्या सगळ्यात इच्छा आटली तर नवल नाही. काहींना मात्र लवकर इच्छा होते. त्यांनीही लाज बाळगू नये, तेही शरीराचंच काम आहे.

पुन्हा जवळ येताना घाई नको. सुरुवातीचे काही दिवस नुसता स्पर्श, गप्पा, जवळ झोपणं पुरतं. आधी बाळाला पाजून घ्यावं, म्हणजे स्तन हलके होतात. सुख वाटताना ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं, पान्हाही त्यानंच फुटतो, म्हणून त्या वेळी दूध गळलं तर घाबरू नका. संबंधाआधी आपण स्वतः हात स्वच्छ धुऊन टाक्यांची जागा बोटानं हलकेच दाबून पाहावी. तिथे कळ आली तर त्या दिवशी पुढे जाऊ नये. किती आणि केव्हा हे बाईच्या हातात राहील अशी स्थिती घ्यावी. ती वर असेल किंवा दोघं कुशीवर असतील तर सोपं जातं. दुखलं की थांबायचं, हे दोघांनी आधीच बोलून ठेवावं.

कोरडेपणासाठी औषधाच्या दुकानात पाण्यात विरघळणारी जेली मिळते, ती वापरा. इथे एक चूक हमखास होते. घरात असतं म्हणून खोबरेल तेल लावलं जातं आणि वरून निरोध वापरला जातो. तेलानं निरोधचं रबर कमजोर होतं आणि तो फाटतो. निरोध वापरत असाल तर तेल, तूप, व्हॅसलीन यांतलं काहीच नको. जेलीनंही भागत नसेल तर डॉक्टर इस्ट्रोजेनचं थोड्या प्रमाणातलं मलम देऊ शकतात. ते मनानं आणू नये.

पहिल्या वेळी थोडं दुखणं बहुतेकींना होतं. मेलबर्नमध्ये सुमारे १,५०० पहिलटकरणींना दीड वर्ष वेळोवेळी विचारलं गेलं, तेव्हा १०० पैकी ८६ जणींना पहिल्या संबंधात दुखलं होतं. सहा महिन्यांनी १०० पैकी ४३ जणींना आणि दीड वर्षानंतरही २३ जणींना दुखत होतं. म्हणजे दुखणं कमी होत जातं, पण पुष्कळ बायकांचं ते आपोआप जात नाही. लंडनमधल्या २००० सालच्या एका अभ्यासात तर असा त्रास असलेल्या बायकांपैकी फक्त १५ टक्के बायका डॉक्टर किंवा नर्सशी त्याबद्दल बोलल्या होत्या. संकोच फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका.

कुठे दुखतं ते ओळखा, कारण इलाज त्यावर ठरतो. दाराशीच चिरल्यासारखं दुखत असेल तर टाक्यांची गाठ किंवा कोरडेपणा असतो. आत खोलवर कळ येत असेल आणि सोबत पांढरं जाणं, वास किंवा ताप असेल तर पिशवीला संसर्ग झालेला असू शकतो आणि त्याला औषध लागतंच. नुसता हात लागला तरी स्नायू आपोआप आवळून जात असतील तर ती भीतीनं बसलेली आवळ आहे. ती सैल करायला शिकवावी लागते, जोर लावून ती वाढते. सिझेरियन झालं म्हणजे यातलं काहीच होणार नाही, हाही गैरसमज सोडा.

खालचे स्नायू बळकट करण्याचा व्यायाम आपण घरीच करू शकता. वारा सरकू नये म्हणून जसं आवळतो तसं आवळा, पाच मोजेपर्यंत धरा, मग पूर्ण सैल सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट आणि मांड्या ताणू नका, श्वास रोखू नका. लघवी मधेच थांबवून हा व्यायाम रोज करू नका, त्यानं लघवीच्या तक्रारी होतात. सैल सोडणंही आवळण्याइतकंच महत्त्वाचं आहे. ज्यांना आवळ बसल्याचा त्रास आहे त्यांनी नर्सला विचारल्याशिवाय हा व्यायाम करू नये. जड हंडे आणि पोती उचलणं काही महिने टाळा. खाली काही उतरल्यासारखं वाटलं, म्हणजे अंग बाहेर येतंय असं वाटलं, तर तपासून घ्या.

आता पाळण्याविषयी. 'पाळी आली नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत' या समजुतीनं अनेक घरांत वर्षाच्या आत दुसरं बाळंतपण होतं. अंगावरच्या दुधाचं संरक्षण तीन अटी एकत्र पाळल्या तरच मिळतं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, रात्रंदिवस फक्त आईच्या दुधावर हवं आणि पाळी आलेली नको. तेव्हा ते ९८ टक्के खात्रीचं असतं. बाळाला वरचं दूध किंवा पाणी सुरू झालं की ते संपलं. बाळ अंगावर पीत नसेल तर तीन आठवड्यांनंतरच दिवस जाण्याची शक्यता सुरू होते, पाळी दिसण्याच्याही आधी.

तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांत बसवतात, नाहीतर सहा आठवड्यांनंतर. 'छाया' ही गोळी संप्रेरकांची नाही, दुधावर तिचा परिणाम होत नाही. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची असते. 'अंतरा' हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं, अंगावर पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर. 'माला-एन' ही गोळी मात्र पाजणाऱ्या आईनं पहिले सहा महिने घेऊ नये. सरकारी दवाखान्यात हे सगळं फुकट मिळतं. दिवस जाण्याची धास्ती गेली की इच्छा परतायला मदत होते, हे अनेक बायका स्वतः सांगतात. एका बाळंतपणानंतर निदान दोन वर्षं जाऊन मगच पुन्हा दिवस राहावेत.

या सगळ्यात नर्सबाईंचं काम नेमकं काय? उपकेंद्रावरची नर्स, म्हणजे एएनएम, बाळंतपणाचं प्रशिक्षण घेतलेली असते. २०१८ साली केंद्र सरकारनं मिडवाइफसेवेच्या, म्हणजे प्रशिक्षित सुईणसेवेच्या, मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यांत दीड वर्षाचं खास शिक्षण घेतलेल्या परिचारिकांची तरतूद केली. साध्या बाळंतपणाची आणि नंतरच्या आईच्या काळजीची मुख्य जबाबदारी अशा प्रशिक्षित नर्सवर असावी, हा त्यामागचा विचार आहे. लैंगिक तक्रारींविषयी बोलण्याची एक चार पायऱ्यांची पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॅक ॲनन यांनी १९७६ मध्ये मांडली. आधी बोलायला मोकळीक द्यायची, मग थोडी माहिती, मग त्या बाईपुरता एखादा उपाय आणि त्यानं भागलं नाही तर तज्ज्ञाकडे पाठवायचं. पहिल्या तीन पायऱ्या उपकेंद्रावर सहज होतात. "बाळंतपणानंतर पुष्कळ बायकांना मालकाजवळ जाताना दुखतं. तुम्हाला असं काही होतं का?" एवढं नर्सनं विचारलं तरी पहिली पायरी झाली. गावच्या जुन्या सुईणबाईंवर बायकांचा विश्वास असतो. त्यांनीही बाळंतिणीला दवाखान्यापर्यंत सोबत करावी, ती फार मोठी मदत आहे.

नर्सनं विचारलंच नाही तर आपण सुरुवात करा. "सिस्टर, मालकाजवळ गेलं की खाली लय दुखते, एकदा पाहता का?" इतकं म्हटलं की बाकीचं त्या विचारतील. समोरासमोर जमत नसेल तर १०४ या आरोग्य सल्ल्याच्या क्रमांकावर फोन करून बोला.

दोन आठवड्यांहून जास्त मन उदास राहिलं, रडू आवरत नाही, बाळाकडे पाहावंसं वाटत नाही, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. त्यात संबंधांची इच्छाही मरते. १४४१६ या 'टेलिमानस'च्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. आणि बाई नको म्हणत असताना जबरदस्ती होत असेल तर तो घरातला खासगी मामला म्हणून सोडून देऊ नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळही येतो. त्यासाठी १८१ हा महिलांचा क्रमांक आहे.

सहा आठवडे उलटून गेल्यावरही प्रत्येक वेळी दुखतंय, टाक्यांजवळ गाठ लागते, शौच किंवा वारा आवरत नाही, लघवी गळते, यांपैकी काही असेल तर उपकेंद्रावर थांबू नका. नर्सकडून चिठ्ठी घेऊन लोणार किंवा मेहकरच्या सरकारी दवाखान्यात जा. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ नसतील तर बुलढाण्याच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात. तिसऱ्या-चौथ्या दर्जाची जखम झालेल्या बाईनं तर त्रास नसला तरी एकदा तज्ज्ञांना दाखवावंच. जाताना बाळंतपणाचं कार्ड न्या आणि कधीपासून, कुठे, काय केल्यावर दुखतं हे कागदावर लिहून न्या, कारण तपासणीच्या टेबलावर निम्मं विसरायला होतं.

बाळ वरचं खाऊ लागलं आणि अंगावरचं दूध कमी झालं की इस्ट्रोजेन पुन्हा वर येतं, पाळी सुरू होते आणि बऱ्याच बायकांचा कोरडेपणा त्यानंतर दोन-तीन महिन्यांत जातो. पाळी नियमित झाल्यावरही तो तसाच असेल किंवा दुखणं कायम असेल तर त्याचं कारण दुसरं काहीतरी आहे, आणि मग बाळ वर्षाचं असो की दोन वर्षांचं, तपासणी पुन्हा करून घ्यावी.